विषय : शिडाच्या होडीचे रिगिंग न तपासता दिलेला अहवाल आणि न बदललेल्या तारांचे घेतलेले पैसे

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
भोसरी, पुणे

महोदय,

पावसाळ्याआधी माझी वीस फुटी जुनी होडी अलिबागहून ट्रेलरवर घालून घाटातून वर आणली आणि रिगिंगच्या, म्हणजे डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा व त्यांच्या जोडणीच्या, कामासाठी तुमच्या शेडमध्ये सोडली. होडी 1980 च्या दशकातली, फायबर ग्लासची. वर्क ऑर्डरवर तीन कामे स्पष्ट लिहिली होती : डोलकाठीला धरणाऱ्या सगळ्या तारा बदलणे, डेकमधून खाली जाणाऱ्या चेनप्लेट (तारा होडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बाहेर काढून तपासणे आणि तपासणीचा लेखी अहवाल देणे. पैसे मी पूर्ण भरले. अहवालात तुमच्या माणसाने ‘सर्व तारा बदलल्या, चेनप्लेट सुस्थितीत’ असे लिहून खाली सही-शिक्का केला आहे. यातले एकही विधान खरे नाही.

होडी परत आल्यावर धायरीतल्या आमच्या जागेत आतला कप्पा साफ करताना डाव्या चेनप्लेटखाली तपकिरी ओघळ दिसला. वर डेकवर पाहिले, तर प्लेटच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत जुना रंग जसाच्या तसा भरलेला. ते स्क्रू फिरवल्याशिवाय प्लेट बाहेर येऊच शकत नाही, आणि फिरवले असते तर रंग फुटला असता. मग तपासले काय?

प्लेट आम्ही काढली. डेकच्या वर दिसणारा भाग आरशासारखा लखलखीत, आणि डेकच्या जाडीत जुन्या सीलंटखाली दडलेला भाग खड्डे पडून खाल्लेला. भोसरीतल्याच एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये धातूतल्या बारीक चिरा रंगाने दाखवणारी डाय पेनिट्रंट चाचणी करून घेतली. लाल रंग फवारला, मुरू दिला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला. खालच्या बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत लाल रेघ उमटली. ही चाचणी तुमच्या परिसरात कितीतरी कारखान्यांत रोज होते. तिला ना फार वेळ लागतो, ना फार पैसा.

तुमच्या सुपरवायझरांनी फोनवर मला सांगितले, “मॅडम, स्टेनलेस आहे, चमकतंय, अजून दहा वर्षं काही होत नाही.” हे काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावे याची मला खरोखर भीती वाटली. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. सीलंटखाली खारे पाणी मुरून राहिले, की तिथला प्राणवायू संपतो, थर तुटतो आणि धातू आतून पोखरला जातो. 316 प्रतीच्या पोलादातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे हे लांबते, पण टळत नाही. म्हणजे उघड्यावरच्या चकाकीवरून झाकलेल्या भागाबद्दल काहीच कळत नाही. प्लेट बाहेर काढा, असे वर्क ऑर्डरमध्ये मुद्दाम लिहून घेतले ते यासाठीच.

तारांचेही तेच. वरच्या श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा) आणि पुढचा स्टे (पुढून किंवा मागून धरणारी तार) तुम्ही बदललात. खालच्या श्राउड आणि मागचा स्टे मात्र जुनेच, नुसते पॉलिश केलेले. त्यांच्या खालच्या टोकांच्या स्वेजवर, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या नळीवर, उभ्या बारीक चिरा भिंगाशिवाय दिसतात. तारेवरून ओघळणारे पाणी खालच्या स्वेजमध्येच साचते, आतला गंज फुगतो आणि नळी उभी उलते. अशा तारा दहा-पंधरा वर्षांनी, दिसायला चांगल्या असल्या तरी, एकदम सगळ्या बदलायच्या असतात, कारण सगळ्यांचे वय एकच असते. त्यातून डोलकाठी तुमच्या शेडमध्ये आडवीच ठेवलेली होती. कोणाला वर चढायचेसुद्धा कष्ट नव्हते!

नव्या कामातही दोष आहेत. एका श्राउडचे स्वेज केळ्यासारखे वाकलेले आहे. पुढच्या स्टेला खाली टॉगल, म्हणजे आडवे वळू देणारा सांधा, नाही. शिडाच्या ओढीने तो स्टे सतत आडवा हलणार आणि सगळा वाक स्वेजच्या तोंडाशी येऊन तार तिथेच थकणार. टर्नबकलच्या (तार ताणायच्या स्क्रूच्या) पिनांत, त्या निसटू नयेत म्हणून लागणाऱ्या कॉटर पिना जुन्याच, सरळ करून पुन्हा घातल्या आहेत. शीड वर चढवायचे, म्हणजे हॅल्यार्डचे, नवे दोर मात्र उत्तम आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या होडीवर माझी पुतणी आणि तिच्या मैत्रिणी शीड हाकायला शिकतात. जोराच्या वाऱ्यात सगळा भार वाऱ्याकडच्या श्राउडवर असतो. ती प्लेट तुटली तर डोलकाठी शिडासकट क्षणात दुसऱ्या बाजूला कोसळते, बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. तुमच्या सहीच्या भरवशावर मी त्या मुलींना पाण्यात पाठवणार होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा. अहवाल चुकीचा असल्याचे लेखी कळवून तो रद्द करावा. सर्व तारा, टर्नबकल, पिना आणि दोन्ही बाजूंच्या चेनप्लेट तुमच्या खर्चाने, माझ्यासमोर, नव्या बसवाव्यात. ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम आणि चाचणीचा खर्च परत करावा. आणि या हंगामात याच माणसाच्या सहीने ज्या ज्या होड्यांना अहवाल गेले, त्या मालकांना तुम्ही स्वतः फोन करून होडी पाण्यात उतरवू नका असे सांगावे. ही शेवटची मागणी माझ्यासाठी पैशांपेक्षा मोठी आहे आणि तिला मी पंधरा दिवस थांबणार नाही. ती या आठवड्यातच पूर्ण व्हायला हवी.

बाकी मागण्यांवर पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथेबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

काढलेली प्लेट आणि जुन्या तारा माझ्याकडे आहेत. तुमच्या अभियंत्यांनी धायरीला येऊन त्या पाहाव्यात, मोजाव्यात, छायाचित्रे घ्यावीत. मात्र त्या तुमच्या ताब्यात दिल्या जाणार नाहीत.

आपली,
वर्क ऑर्डरवरील ग्राहक
धायरी, पुणे

सोबत : वर्क ऑर्डर, बिल व अहवालाच्या प्रती, चाचणीची छायाचित्रे