तो पोरगा परत यायला हवा

प्रिय मित्रा,

प्रभूत सलाम. फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून लिहितोय, गेले तीन आठवडे डोक्यात हेच चाललंय. तरुण संघाच्या मीटिंगमध्ये 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' हे येशूचं वचन घेतलेलं, तेव्हा एक फर्स्ट इयरचा पोरगा उठून म्हणाला, दादा हे तुमचं सत्य झालं, माझ्या होस्टेलमधल्या मित्राचं वेगळंय, मग त्याचं खोटं कसं? एका वडीलधाऱ्यांनी त्याला तिथंच गप्प केलं, म्हणे कॉलेजात जाऊन पोरांची डोकी फिरतात. पोरगा बसला, गायनाचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत उघडलंच नाही. तेव्हापासून आलेला नाही. आणि मी तिथंच होतो रे, काहीच बोललो नाही.

मग मी लेस्ली न्यूबिगिन, ते ब्रिटिश मिशनरी, त्यांची पुस्तकं परत काढली. १९३६ ला तामिळनाडूत आले, १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाले, १९७४ ला इंग्लंडला परत गेले तर तिकडच्याच चर्चच्या मंडळ्या शुभवर्तमान, म्हणजे येशूची सुवार्ता, बोलायला कचरत होत्या. आपली आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट आहे ना, सगळे आपापल्या जागी बरोबर म्हणून सांगतात ती, न्यूबिगिन म्हणतात की गोष्ट सांगणारा मात्र आंधळा नाहीये, त्याला अख्खा हत्ती दिसतोय! म्हणजे कुणालाच पूर्ण सत्य कळत नाही म्हणणारासुद्धा आपल्याला सगळं दिसतं असंच म्हणतोय.

पण ते एवढ्यावर थांबत नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९ ला लिहिलं की सगळ्या जगाचा अर्थ सांगणाऱ्या मोठमोठ्या कथांवरचा लोकांचा भरवसा उडालाय, आणि मला वाटतं त्याला कारणं आहेत, अशा कथा सांगून माणसं दाबली गेली, त्यात चर्चही होतं. मग शुभवर्तमान पटायचं कसं? न्यूबिगिनचं उत्तर, ते जगणारी मंडळी बघून. रिटायर झाल्यावर ते स्वतः बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमध्ये, गरीब वस्तीतल्या छोट्याशा मंडळीचे पाळक झाले.

काहीजण म्हणतात मग सत्याचं राहू दे, नुसतं प्रेम करा. ते मला अजिबात पटत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हे पौलानेच करिंथकरांना लिहिलंय. फक्त हे त्या पोराला दटावून कसं सांगणार?

शनिवारी त्याच्या घरी जातोय. आधी माफी मागणार, मग त्याच्या त्या मित्राबद्दल विचारणार, तो काय सांगतो ते नीट ऐकणार. तू त्याच्याबरोबर क्रिकेट खेळायचास, तुझ्याशी तो मोकळं बोलेल. येशील का? चारच्या एसटीने आलास तरी चालेल, मी स्टँडवर थांबतो.

तुझाच