धावायचं नाही, थांबायचं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "गुडघा फुटला की पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात." फोन ठेवल्यावरही ते वाक्य मला टोचत राहिलं. अगं, धावायचंय कुठे? रक्ताबरोबर त्या आधीच सुसाट चाललेल्या असतात. त्यांची अडचण थांबायची आहे.

जखमेजवळच्या बारीक शिरांचं आतलं अस्तर यासाठी खरबरीत होतं, म्हणजे सिलेक्टिन नावाची प्रथिनं बाहेर काढतं. पी-सिलेक्टिन पेशीत साठवलेलंच असतं, मिनिटांत वर येतं. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास जातात. काठाने जाणारी पांढरी पेशी त्यात अडकते, सुटते, पुन्हा अडकते. याचा व्हिडिओ पाहिलास तर हरखून जाशील: मधोमध लाल पेशींचा नुसता धूसर पट्टा, आणि काठाला एकेक गोल पेशी सावकाश लोळत चाललेली. त्यातही गंमत अशी की प्रवाहाची ओढ बसली की ही पकड, एका मर्यादेपर्यंत, जास्त टिकते. ओढल्यावर आवळणाऱ्या गाठीसारखी. प्रवाह बंद केला तर लोळणाऱ्या पेशी चक्क सुटतात!

लोळता लोळता भिंतीवरच्या केमोकाइनचा, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या छोट्या प्रथिनांचा, इशारा मिळतो. मग पेशीवरची इंटेग्रिन्स नावाची पकडणारी प्रथिनं, एरवी मिटलेल्या चाकूसारखी दुमडलेली, ताठ उघडतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, जागा शोधत सरपटते आणि बहुधा अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडते. हे बाहेर पडणं यूलिउस कोनहाइम या जर्मन डॉक्टर-संशोधकाने 1867 साली बेडकाच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यात पाहून लिहून ठेवलंय. प्रथिनांची नावं तेव्हा कुणाला ठाऊक असणार!

काही बाळं या इंटेग्रिनच्या जन्मजात दोषासह जन्मतात. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी भरमसाट, पण भिंतीला धरताच येत नाही. त्यांची नाळ गळायला फार उशीर लागतो, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि जखमेत पू जवळजवळ होतच नाही, कारण पू म्हणजे मुख्यतः अशा बाहेर आलेल्या पांढऱ्या पेशीच.

म्हणून गुडघ्यावरच्या त्या पिवळ्या थेंबाला "शी" म्हणालीस तेव्हा मला हसू आलं. तरी लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, डॉक्टरांकडे जा.

तुझा,
बाबा