गडकरी साहेब, हप्ता गाडी चालवण्यावर लावा, जन्मतारखेवर नको

प्रति,
मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

विषय: तरुण वाहनचालकांच्या कार विम्याचा हप्ता

महोदय,
सा. न. वि. वि.

बाबांची २०१८ ची स्विफ्ट नुकतीच माझ्या नावावर झाली. माझं वय २३, पिंपरीत एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवून निवृत्त झाले. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून गाडी लेकीला दिली.

बाबांनी पाच वर्षं एकही क्लेम घेतला नव्हता. त्यामुळे ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात त्यांना ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस (एनसीबी) होता. नाव बदलताच तो गेला, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. बरं, तेही मान्य. पण चालू पॉलिसीच्या उरलेल्या दिवसांची सूटसुद्धा कंपनीने ‘एनसीबी रिकव्हरी’ म्हणून वसूल केली. काउंटरवरचा मुलगा हसतमुखाने म्हणाला, “मॅडम, वडील वारले असते तर वारस म्हणून बोनस तुम्हाला मिळाला असता.” बाबा शेजारीच उभे होते, हातात आरसी बुकाची झेरॉक्स घेऊन. जिवंत आहेत ही त्यांची चूकच म्हणायची.

मग नवीन वर्षाचं कोटेशन आलं. बाबा साडेसात हजारांच्या आत भरत होते, मला साडेअकरा हजार. बराचसा फरक बोनसचा, हे कळलं. उरलेला कशाचा? ऑनलाइन फॉर्ममध्ये माझ्या जागी बाबांची जन्मतारीख टाकून पाहिली, तर बोनस शून्य ठेवूनही आकडा खाली आला. गाडी तीच, रस्ता तोच. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, नावावर करायची घाई कशाला केली? वडिलांच्या नावावर ठेवायची आणि तुम्ही चालवायची. सगळे तेच करतात.”

साहेब, यात बेकायदेशीर काहीच नाही, हीच तर गंमत आहे. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. मालकाची परवानगी आणि वैध लायसन्स असलं की कुणीही चालवावी. म्हणजे बापाच्या नावावरची गाडी रात्री दोन वाजता एक्स्प्रेसवेवर उडवणाऱ्या चिरंजीवांना पन्नाशीतल्या बापाचा हप्ता आणि बापाचाच बोनस. जी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर, सगळं कागदोपत्री करते, ती मात्र ‘जोखीम’!

तरुण मुलं जास्त मरतात हे मला सांगू नका, मला माहीत आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली दोनतृतीयांश १८ ते ४५ वयाची. आकडा तुमच्याच खात्याचा. पण त्यात २३ वर्षांचे किती आणि ४३ चे किती? आणि खड्ड्यामुळे किती, उलट्या दिशेने आलेल्या डंपरमुळे किती? त्या डंपरचा विमा तरी असतो का? निम्म्याहून जास्त वाहनं विम्याविना फिरतात म्हणे. त्यांना पकडणं अवघड, आम्ही आयते सापडतो.

थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याची, तर आणखी मजा. तो दर तुमचं खातं ठरवतं: १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, १ जून २०२२ पासून. तिथे ना वय, ना चलन, ना अपघात. फक्त इंजिन! दहा वेळा सिग्नल तोडणारा आणि माझे बाबा, दोघांना एकच भाव. वाहतुकीचे नियम मोडण्यावर हप्ता ठरवा, असं विमा नियामकाच्याच गटाने २०२१ मध्ये सुचवलं होतं. ते कुठल्या कपाटात आहे? ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ला, म्हणजे जशी गाडी चालवाल तसा हप्ता याला, नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली, पण माझ्या एजंटने ते नावही ऐकलेलं नाही. तो म्हणाला, “पेटीएमवर घेता का?”

आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. जुलै २०२४ मध्ये तुम्हीच अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलंत की जीवन आणि आरोग्य विम्यावर कर लावणं म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर लावणं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर गेलाही. वाहन विम्यावरचा मात्र तसाच राहिला. विमा नसेल तर पहिल्याच वेळी २,००० दंड, म्हणजे घेणं सक्तीचं, आणि सक्तीच्याच गोष्टीवर कर. रस्त्यावर काही अनिश्चित नसतं का साहेब? एकदा वाकडहून हिंजवडीला पावसाळ्यात या, ताफा नको, माझ्या स्विफ्टमधून या.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. त्या गाडीची कायमची नोंदणीच नव्हती, १,७५८ रुपयांचं शुल्क भरलं नव्हतं. मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. मी माझे सगळे शुल्क भरले आहेत आणि साडेपाचशे शब्द आपणहून लिहीत आहे. मला त्याचं काय मिळणार?

तीन गोष्टी करा. बापाने हयातीत लेकीला किंवा लेकाला गाडी दिली तर बोनस सोबत जाऊ द्या. थर्ड पार्टीचा हप्ता चलनाच्या नोंदीशी जोडा, परिवहन पोर्टलवर ती सगळी आहेच. आणि अर्थमंत्र्यांना आणखी एक पत्र लिहा, मसुदा हवा असेल तर मी देते.

पॉलिसीची मुदत महिनाअखेर संपते. तोवर उत्तर आलं नाही तर मी साडेअकरा हजार भरणारच आहे. एजंट मात्र अजून रोज फोन करतो की गाडी परत वडिलांच्या नावावर करून घ्या.

आपली,
एक पॉलिसीधारक
मूळ कऱ्हाड, हल्ली मुक्काम पिंपरी