परवाना विकत घेण्यापूर्वी

चि. बाळ, अनेक शुभाशीर्वाद.

डिरेक्टरीसाठी, म्हणजे शोधता येणाऱ्या नोंदींच्या संकेतस्थळासाठी, तयार सॉफ्टवेअरचा परवाना घेण्याचे तू जवळजवळ ठरवले आहेस, हे कळले. डेमोत ते आज काय करते एवढेच दिसते. उद्या त्यात आपल्याला हवी ती भर घालता येईल का, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतः तपासून घे.

"सगळं कस्टमाइझ होतं" या एका विक्रेत्याच्या शब्दावर मी पूर्वी विसंबलो होतो. शोधाच्या पानावर एक फिल्टर हवा होता, म्हणून मूळ फाइलीतच चाळीसेक ओळी घातल्या. पुढच्या अपडेटने ती फाइल बदलली आणि फिल्टर गेला. दर अपडेटनंतर त्याच ओळी पुन्हा घालून मी इतका कंटाळलो की अखेर अपडेट करणेच सोडले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते फारच वाईट झाले.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचार, की माझा कोड नेमका कुठे राहील. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हुक, म्हणजे आपला कोड बाहेरून जोडण्याच्या ठरवून ठेवलेल्या जागा, असतात; त्यांचे ॲक्शन आणि फिल्टर (हा शोधाचा फिल्टर नव्हे) असे दोन प्रकार आहेत. चाइल्ड थीम, म्हणजे मूळ रूपरचनेवर आधारलेली आपली वेगळी रूपरचना, हीही करता येते, त्यामुळे आपले बदल वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात व मूळ फाइलींना हात लावावा लागत नाही. तशी सोय इथे आहे का आणि हुकांची पूर्ण यादी दस्तऐवजात दिली आहे का, हे पाहा. यादी मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर मी तो परवाना घेणार नाही.

सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत असून त्याच्या फाइली आयनक्यूब या कोड लपवणाऱ्या साधनाने एन्कोड केलेल्या असतील तर कोड वाचता येत नाही, आणि त्या चालवण्यासाठी सर्व्हरवर पीएचपीच्या आवृत्तीशी जुळणारा लोडर हा पूरक प्रोग्राम लागतो. पीएचपी ७.४ च्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. अशा वेळी विक्रेत्याने नव्या आवृत्तीसाठी फाइली पुन्हा तयार करून दिल्या नाहीत, तर आपण जुन्या पीएचपीवरच अडकून पडतो.

जास्तीची फील्ड, म्हणजे नोंदीतले माहितीचे रकाने, डेटाबेसमध्ये कशी साठवली जातात, हेही उघडून पाहा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक नोंदीचे प्रत्येक मूल्य एकाच मोठ्या टेबलात स्वतंत्र ओळ म्हणून ठेवतात. भर घालायला ते सोपे असते, पण पाच फील्डांवर एकत्र शोध घ्यायचा तर तेच टेबल पाच वेळा जोडावे लागते. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एका जोडणीत ६१ टेबलांची मर्यादा आहे, पण नोंदी हजारोंनी वाढल्या की शोध त्याच्या कितीतरी आधी मंदावतो.

चाचणीची प्रत घेऊन त्यात 'सुट्टीचा वार' हे फील्ड जोड, ते शोधाच्या फिल्टरमध्ये आण, वीसेक हजार खोट्या नोंदी भर आणि शोधाला किती वेळ लागतो ते मोज. मग विक्रेत्याकडून मागची आवृत्ती मागून त्यावर हेच बदल कर आणि ती नव्या आवृत्तीवर ने. बदल टिकले की नाही, ते एका संध्याकाळीच कळेल. नोंदी बाहेर काढताना छायाचित्रे आणि पानांचे पत्तेही सोबत येतात का, तेही तेव्हाच बघून घे.

करारात कोड बदलण्याचा हक्क, चाचणीच्या डोमेनसाठी वेगळा परवाना लागतो का, आणि अपडेटची मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर चालू राहते का, हे तीन मुद्दे शोध. सही करण्यापूर्वी मसुदा मला पाठव; मी तो रात्री बसून ओळीन् ओळ वाचेन.

तुझे बाबा