बाबांसाठी तारीख घेतली आहे

मुलुंड

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलणं पुन्हा ‘मूळव्याधीचंच रक्त आहे’ यावर येऊन थांबेल, म्हणून लिहिते. बाबा, कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायला, पुढच्या शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. तुम्हाला न विचारता घेतली, हे मला टोचतंय. पण भाऊकाकांच्या वेळी आपण सगळ्यांनी ‘बघू, बघू’ केलं. तेवढं मला पुन्हा करायचं नाही.

शौचाच्या तपासणीत रक्ताचा आकडा 46 आला. 20 च्या वर गेला की आतून बघावंच लागतं. याचा अर्थ कॅन्सर, असा अजिबात नाही. असा रिपोर्ट आलेल्या बहुतेकांना तो निघत नाही. पुष्कळदा पॉलिप सापडतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला लहानसा कोंब. तो बिघडलाच तर त्याला साधारण दहा वर्षं लागतात, आणि आपण त्याच्या आधी पोचायचं आहे. मूळव्याध असेलही, पण म्हणून वर पॉलिप नसेलच असं नाही. आई, तपासणी परत करून उपयोग नाही. पॉलिपमधून रोज रक्त येत नाही, त्यामुळे दुसरा रिपोर्ट चांगला आला तरी पहिला खोटा ठरत नाही.

आणि बाबा, सीईए (कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात ते) नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं, सिगरेट ओढणाऱ्यांत मात्र उगाच वाढतं. उपचारानंतर लक्ष ठेवायला ते कामाचं. चेकअपच्या पॅकेजात ते घालतात, हे मला पटत नाही.

खरं बघणं होतं ते दुर्बीण बाहेर घेताना, निदान सहा मिनिटं, सावकाश. शंका आली की डॉक्टर बटण दाबून उजेड बदलतात. 415 आणि 540 नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात आणि पॉलिप कुठल्या जातीचा आहे याचा अंदाज येतो. लहान असेल तर तारेचा फास टाकून तिथेच काढतात. अस्तर कापल्याचं दुखत नाही, शिवाय तुम्ही गुंगीत असाल. पण उजव्या बाजूचे काही पॉलिप चपटे असतात, वर चिकट थर. थोडा मळ राहिला तरी नजरेतून निसटतात.

म्हणून तुम्ही दोघं गुरुवारीच इकडे यायचं. चाळीत गॅलरीच्या टोकाचा सामायिक संडास, रात्री दहा वेळा उठणं, नाही बाबा. इथे खोलीला लागून कमोड आहे, जेट आहे, चोवीस तास पाणी आहे. मऊ टॉवेल काढून ठेवलेत, व्हॅसलिन आणलंय. तुमची उशी तेवढी घेऊन या.

लोहाची गोळी आजपासून बंद, तिने मळ काळा आणि चिकट होतो. बुधवारपासून मऊ भात, दही, गाळलेलं वरण, पाव, उकडलेला मासा. पालेभाजी, नाचणी, तीळ, पेरू, इसबगोल नको. शुक्रवारी नुसतं शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबूपाणी. आई, कोकम सरबत देऊ नकोस, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पावडर 2 लिटर पाण्यात विरघळवायची. एक लिटर शुक्रवारी संध्याकाळी सहाला, दुसरा शनिवारी पहाटे पाचला, दर 15 मिनिटांनी एक पेला. सगळं रात्रीच उरकू म्हणू नका. रात्रभरात वरून पित्त उतरतं आणि उजवी बाजू परत माखते. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं. शेवटी फिकट पिवळं, पारदर्शक पाणी आलं की झालं. मधुमेहाच्या गोळ्या या दिवसांसाठी डॉक्टरांनी लिहून दिल्यात तशाच घ्यायच्या, उपाशीपोटी साखर एकदम उतरते. इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) बंद करायची नाही, मी विचारलंय.

एरंडेल पाजताना तुम्ही माझ्या मुठीत गुळाचा खडा ठेवायचात. मी पिवळ्या लिमलेटच्या गोळ्या आणून ठेवल्यात, त्या चालतात. प्रत्येक पेल्याला मी शेजारी बसेन.

आई, तुझ्याही शौचाच्या तपासणीची डबी सोबत पाठवते. मटण, बीट काही सोडायला नको, ती तपासणी फक्त माणसाचं रक्त ओळखते. शौच पाण्यात पडायच्या आत कागदावर घे, काडी चार-पाच ठिकाणी फिरव, आणि लगेच फ्रिजमध्ये ठेव. उकाड्यात रक्तातलं हिमोग्लोबिन मोडून जातं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. गुरुवारी येताना बर्फाच्या पिशवीत घालून आण.

तुमची,
मनू