मॅडम, हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

जीआरईचा, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, निकाल लागला, प्रवेश झाला, इकडे अमेरिकेत पहिलं सत्रही संपत आलं आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर विषय काढला की तुम्ही ‘जेवलीस का’वर येता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहू नकोस असं बजावलंत, ते पाळलंय. पण सांगलीतल्या तुमच्या पुढच्या खोलीत मला काय मिळालं ते लोकांना कळायला हवं. मराठी शाळेतून आलेल्या आणि शब्दांच्या याद्या बघून धास्तावलेल्या मुलामुलींना तर नक्कीच.

तेव्हा तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती. त्यामुळे मी वाचायचे आणि तुम्ही आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायच्या. त्यातून शिकवण्याची जी पद्धत निघाली, ती मी कुठल्याही क्लासमध्ये पाहिली नाही. ‘फक्त वाक्य वाच. खालचे पर्याय वाचूच नकोस,’ असा तुमचा पहिला नियम. मग विचारायच्या, ‘रिकाम्या जागेत काय हवं? मराठीत सांग.’

एक वाक्य अजून आठवतं. कुणी समीक्षक एरवी नाटकांना झोडपून काढणारा, पण या नव्या नाटकाबद्दल त्याने लिहिलेलं मात्र... आणि पुढे गाळलेली जागा. वाक्याची सुरुवात ‘ऑल्दो’ने होती. तुम्ही लगेच थांबवलंत. ‘ऑल्दो आलं ना? म्हणजे पुढे वाक्य वळणार. कुठे वळेल?’ मी म्हटलं, सौम्य. ‘आता वाच पर्याय.’ त्यात ‘टेंपर्ड’ होता. टेंपर म्हणजे राग एवढंच आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, पण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ सौम्य करणं, आवर घालणं असा होतो. वाक्याने अर्थ आधीच सांगून ठेवला होता, शब्द फक्त ओळखायचा होता.

त्यानंतर तुम्ही अशा ‘ओळखीच्या’ शब्दांच्या मागेच लागलात. ‘सँक्शन’ घ्या. बँकेने कर्ज सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं आणि अमेरिकेने इराणवर सँक्शन्स लादले म्हणजे निर्बंध घातले. दोन्ही अर्थ रोजच्या पेपरात येतात. ‘क्वालिफाइड’ स्तुती म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. ‘पेडेस्ट्रियन’ लेखन म्हणजे रटाळ, सामान्य लेखन. ‘चेक’ म्हणजे रोखणं. या परीक्षेत खरी फसगत अशाच शब्दांनी होते असं तुम्ही म्हणायच्या. लांबलचक, अनोळखी शब्दाला आपण निदान दबकून असतो.

अनोळखी शब्दांसाठी तुम्ही धातूंकडे नेलंत. आपल्याकडे ‘वद्’ला उपसर्ग लावून संवाद, विवाद, अनुवाद, अपवाद होतात, तसं लॅटिनमधल्या बोलण्याच्या धातूपासून ‘इलोक्वंट’, ‘लोक्वेशस’ आणि ‘सोलिलोक्वी’. पण लगेच बजावलंत की धातूवर डोळे झाकून विसंबायचं नाही. ‘एनर्व्हेट’ कानाला अंगात बळ आणणारा वाटतो आणि अर्थ मात्र गळून जाणं, शक्ती काढून घेणं. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द. ‘लॅकोनिक’, म्हणजे अगदी मोजक्या शब्दांतलं, हा शब्द शिकवताना तुम्ही स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशाची गोष्ट सांगितलीत. मॅसिडोनियाच्या फिलिपने धमकी दिली, मी जर तुमच्या भूमीत शिरलो तर तुमचा नायनाट करीन. स्पार्टाचं उत्तर एकाच शब्दाचं: ‘जर’. असा शब्द कोण विसरेल?

आणि तो खोका! जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून तुम्ही मला कार्डं करायला लावलीत. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला नुसता अर्थ नाही, अख्खं वाक्य. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे क्रमाक्रमाने उशिरा. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने ही पद्धत १९७२ साली मांडली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट, शिकलेलं आपण किती झपाट्याने विसरतो ती, हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवली होती. हेही तुम्हीच सांगितलंत. मोबाईलवर हे करून देणारी अ‍ॅप्स आहेत, पण हाताने वाक्य लिहिताना शब्द जितका मुरतो तितका बोटाने स्क्रीन सरकवून मुरत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

अजून एका गोष्टीचं मला कायम नवल वाटत राहील. तुम्ही निवृत्त, ही परीक्षा कधी दिलेली नाही, तरी तिची नस तुम्हाला सापडली होती. विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न ऑगस्ट २०११मध्येच गेले आणि आता सगळं वाक्यात येतं, हे तुम्ही माझ्याकडून विचारून घेतलंत आणि शिकवणं त्यावरच बेतलंत. सप्टेंबर २०२३पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली. शब्द आणि वाचनाचा पहिला भाग १२ प्रश्नांचा, वेळ १८ मिनिटं. तो चांगला गेला तर दुसरा भाग अवघड येतो. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात एक बरोबर असून चालत नाही, अर्धे गुण मिळत नाहीत. तिथे कधीकधी समानार्थी दिसणारी एखादी जोडी मुद्दाम ठेवलेली असते, पण ती वाक्यात बसत नाही. परीक्षा केंद्रात तशी जोडी समोर आली तेव्हा मी मनात मराठी शब्द घातला आणि तो धरूनच पर्याय निवडले.

परीक्षेचीच फी वीस हजारांच्या वर. तुमच्या शिकवणीचं विचारलं तेव्हा तुम्ही आईला ‘यंदा लोणचं कसं झालंय?’ एवढंच विचारलंत. तिच्या लक्षात आलं, माझ्याही. त्या वेळी घरात पैशांची जी ओढाताण होती, ती तुम्ही एका अक्षरानेही बोलून दाखवली नाहीत. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

इथे रोज शोधनिबंध वाचते. लांबलचक वाक्यात ‘हाउएव्हर’ दिसलं की अजून तुमचा आवाज ऐकू येतो. माझ्या तालुक्यातला एक मुलगा पुढच्या वर्षी परीक्षा देणार आहे, हुशार आहे, इंग्रजीला बिचकतो. तुमची हरकत नसेल तर त्याला तुमच्याकडे पाठवते. लग्नपत्रिका गोळा करायला त्याला आत्ताच सांगितलंय. डोळे आता बरे आहेत असं आई म्हणाली, तेव्हा माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं की तेही पाठवीन. लाल पेन हाताशी ठेवा.

तुमची विद्यार्थिनी