ताई, मागे बघायला तू शिकवलंस

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवलं असतं, तर "ठीक आहे गं, एवढं काय त्यात" म्हणून तू ते घडी घालून ठेवून दिलं असतंस. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या खेळाबद्दल कुणी चांगलं बोललं की त्यातलं निम्मं श्रेय तुझं असतं. ते मी आजवर कधीच मोठ्यानं सांगितलेलं नाही.

सीनियर संघाच्या सरावाला पहिल्यांदा आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तोवर मी फॉरवर्ड. पळायचं आणि गोल मारायचा, एवढाच फुटबॉल मला ठाऊक होता. कोचनी मला मधल्या फळीत उभं केलं आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा माझ्या पायातून बॉल गेला. तिन्ही वेळा मागून येऊन कुणीतरी काढून नेला. मला वाटलं, माझा पहिला टचच कच्चा आहे. पाणी प्यायला थांबलो तेव्हा तू जवळ आलीस आणि एवढंच विचारलंस, "बॉल यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तू मला थांबवून घेतलंस. समोरून एक मुलगी पास देणार आणि तू माझ्या मागे दहा पावलांवर उभी. पास सुटला की तू बोटं वर करायचीस, कधी दोन, कधी चार. बॉल पायाला लागायच्या आत मी वळून बघायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. सुरुवातीला आकडा बरोबर आला की बॉल निसटायचा, बॉल सापडला की आकडा चुकायचा. रोज वीस मिनिटं, सगळा हंगाम हे चाललं. दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून तू उभी असायचीस. सामना दोन दिवसांवर आलेला असला तरीही.

याला स्कॅनिंग म्हणतात, हे मला खूप नंतर कळलं. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांची, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूंची, चित्रणं बघून हेच मोजलं होतं. बॉल मिळायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त वेळा नीट पोचतात. तू कुठलंही संशोधन वाचलं नव्हतंस. अंगावर टॅकल घेत घेत तू ते शिकली होतीस आणि मला मात्र ते टॅकल न खाता मिळालं.

पुढची सगळी शिकवण त्यातूनच आली. मागे जागा आहे हे दिसलं, तर अंग अर्धं वळवून लांबच्या पायावर बॉल घ्यायचा, म्हणजे एका टचमध्ये तोंड गोलकडे. मागे कुणी चिकटलेलं असेल, तर जवळच्या पायावर घेऊन आल्या वाटेनं परत द्यायचा. आणि पास म्हणजे निरोप, हे तुझं वाक्य. मैत्रिणीच्या ज्या पायावर बॉल देतेस त्यावरून तिला कळलं पाहिजे, वळू की परत देऊ. "तिच्या मागचं तिला दिसत नाही, तुला दिसतंय. मग सांग ना तिला पासमधूनच." मी आजही कुणाच्या चुकीच्या पायावर पास दिला की मला तुझा आवाज ऐकू येतो.

एकदा बाहेरच्या सामन्याहून परतताना बसमध्ये तू मोबाइलवर 2011 च्या महिला विश्वचषकाची फायनल लावलीस. जपान विरुद्ध अमेरिका. जादा वेळ, 117 वं मिनिट, जपान एका गोलनं मागे. आया मियामाचा कॉर्नर आला आणि होमारे सावानं पुढच्या पोस्टकडे धावत जाऊन पायाच्या बाहेरच्या कडेनं तो आत वळवला. मी ओरडलेच. तू चित्रण मागे नेलंस आणि म्हणालीस, "गोल नको बघू. ती निघाली कधी ते बघ." पाच-सहा वेळा तेवढेच दोन सेकंद बघितले आपण. पेनल्टीवर जपान जिंकलं. सावा त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरली, तेव्हा ती 32 वर्षांची होती. तुझंही वय साधारण तेवढंच होतं तेव्हा. मला ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मैदानाबाहेरचंही एक सांगायचंय. माझा पहिला करार आला तेव्हा मी पगाराचा आकडा बघून सही करायला निघाले होते. तू कागद हातातून घेतलास आणि बोट ठेवून ठेवून वाचायला लावलास. दुखापत झाली तर पगार कोण देणार, किती महिने, ऑपरेशनचा खर्च कुणाचा. यातलं एकही त्यात धड लिहिलेलं नव्हतं. ते लिहून घेतल्यावरच मी सही केली. तू स्वतः सकाळी दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत होतीस. तुला हे कुणी समजावलं नव्हतं. गरोदर खेळाडूला किमान 14 आठवड्यांची रजा आणि किमान दोन तृतीयांश पगार, हा फिफाचा नियम 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला, तोवर तू खेळणं थांबवलं होतंस. पुढे आइसलंडची मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर गरोदरपणातल्या थकलेल्या पगारासाठी आपल्याच क्लबविरुद्ध उभी राहिली आणि जिंकली, ती बातमी मी तुलाच आधी पाठवली होती.

आता ज्यासाठी बसले ते.

ताई, संघात त्या जागेवर एकच जण खेळू शकत होती. डिफेन्सच्या पुढे, सहा नंबरच्या जागी. ती तुझी जागा होती आणि तू मला तीच शिकवत होतीस. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मला तिसऱ्या हंगामात कळलं, कोचनी संघ वाचून दाखवला आणि त्यात माझं नाव होतं, तुझं नव्हतं, तेव्हा. मी तुझ्याकडे बघितलंच नाही. खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले. तू शेजारी येऊन बसलीस आणि हळूच म्हणालीस, "त्यांची दहा नंबर डावीकडे वळते. नेहमी डावीकडे. उजवीकडचं सोडून दे तिला."

सत्तराव्या मिनिटाला तू माझ्या जागी आत आलीस. सीमारेषेवर हात मिळवताना मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसतं मान हलवून बेंचवर गेले.

त्या हंगामाच्या शेवटी तू निवृत्ती जाहीर केलीस. पुढच्या वर्षी क्लबकडे मधल्या फळीसाठी एकाच पूर्ण कराराचे पैसे आहेत, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. ते खरं होतं का, आणि तुला आधीच ठाऊक होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण तसं असेल, तर मला ते कळलेलं आहे एवढं तुला सांगायचं होतं. आणि तेव्हा लेस बांधत बसल्याबद्दल माफी मागायची होती.

मग 2023 साली माझा डावा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नव्हता. वळताना बुटाचा स्टड गवतात अडकला आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध. ही दुखापत पुरुषांपेक्षा आपल्याला कितीतरी जास्त होते, हे ऐकून माहीत होतं, पण स्वतःचा पाय सुजल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. फिजिओंनी सांगितलं, नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी भरली तरच.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. मी रडत होते. तू रडू दिलंस. मग म्हणालीस, "गुडघा बांधलाय, मान नाही बांधलेली." दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन सामने बघायला लागले. एका सामन्यात एकच मिडफिल्डर बघायची आणि तिनं मान वळवली की एक रेघ. एप्रिलच्या शेवटी स्पेनची मिडफिल्डर अलेक्सिया पुतेलास याच दुखापतीतून परत मैदानात उतरली, त्या दिवशी तू मला फक्त तिचा फोटो पाठवलास. त्या वर्षीच्या विश्वचषकात मी स्पेनच्याच ऐताना बोनमातीच्या रेघा ओढत होते. स्पेन जिंकलं, ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि माझी वही भरली. दर रविवारी तू फोन करून आकडे विचारायचीस. गुडघ्याची चौकशी सगळेच करत होते. या आकड्यांमुळे मात्र मला वाटत राहिलं की मी अजून खेळाडू आहे.

थकून सगळं सोडते म्हणाले होते, तेव्हा तू ब्राझीलच्या फॉर्मिगाचं सांगितलंस. तिचा जन्म 1978 चा. तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांना फुटबॉल खेळायला सरकारी बंदी होती, ती उठली 1979 मध्ये. तीच मुलगी मिडफिल्डर होऊन 1995 पासून 2019 पर्यंत सलग सात विश्वचषक खेळली. "तुला नऊ महिने जड जातायत होय?" असं तू म्हणालीस, आणि मी दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेले.

दहा महिन्यांनी परतले. पहिला बॉल माझ्याकडे आला तेव्हा गुडघ्याचं काय होईल, हा विचारच आला नाही, कारण मी मागे बघत होते. मागून एक जण झेपावत येत होती. मी जवळच्या पायावर घेऊन परत दिला. बघणाऱ्यांना त्यात काही दिसलं नसेल. तुला दिसलं असतं.

खूप खूप आभार, ताई. बोटांसाठी, कराराच्या त्या कागदासाठी, रविवारच्या फोनांसाठी. आणि त्या जागेसाठी.

येत्या रविवारी आमचा सामना आहे. तू बघणार आणि माझ्या रेघा ओढणार, हे मला माहीत आहे. संपल्यावर फोन कर आणि आकडा सांग.

तुझी,
सहा नंबर